गॅलेनाचा खडा मुका झालाय, काय करू?

पंचगंगाकाठी:
लेकीच्या विज्ञान प्रदर्शनासाठी क्रिस्टल रेडिओ (बॅटरीशिवाय चालणारा) करतोय. पीव्हीसी पाइपावर २६ गेज इनॅमल तारेचे ८० वेढे, जुन्या ट्रान्झिस्टरमधला गँग (स्टेशन लावायचा कपॅसिटर), गच्चीवर २० मीटर एरियल, क्रिस्टल इअरफोन. जर्मेनियम डायोड लावला की रात्री १२५१ किलोहर्ट्झला आकाशवाणी सांगली बारीक का होईना, येते. पण डायोड म्हणजे आयतं, मला त्याच्या जागी खडाच हवा. ऑनलाइन गॅलेना (शिशाचं खनिज) मागवला, पितळी टोपणात सोल्डर ओतून बसवला. आवाज पकडणारी जागा शोधायला तासभर खड्यावर बारीक तार टोचतोय, हूं नाही की चूं नाही. दुकानदारानं फसवलं काय?

उद्यमनगरचा रेडिओवाला:
दुकानदाराला कशाला शिव्या देताय, खडा तुम्हीच भाजलात की! साधं सोल्डर वितळायला १८० अंशांच्या वर जातं, तेवढ्यात गॅलेनाची संवेदनशीलता मरते. पूर्वीचे लोक वुड्स मेटल नावाच्या मिश्रधातूत बसवायचे, ते ७० अंशांलाच वितळतं. पण त्यात कॅडमियम असतं, घरात नको. चॉकलेटची चांदी चुरगळून खड्याभोवती दाबा, टोपणाला भोक पाडून बाजूनं स्क्रू आवळा. झालं.

भाजलेला तुकडा टाकू नका, हलक्या हातानं फोडा. अस्सल गॅलेना हाताला जड लागतो आणि खडीसाखरेसारखा चौकोनी फुटतो. आतली ताजी बाजू वर ठेवा आणि चिमट्यानंच धरा. बोटाचं तेल लागलं की पुन्हा मुका.

आता तार. माझ्याकडं गुजरीतनं (सराफ बाजारातनं) आणलेली केसाएवढी चांदीची तार आहे, तिचं स्प्रिंगसारखं वेटोळं करून वापरतो. फॉस्फर ब्राँझची मिळाली तर उत्तम. 'टोचतोय' म्हणालात तिथंच चुकतंय. डोळ्यात काजळ घालताना बोट टेकवतो तेवढाच दाब. आधी डायोडवर स्टेशन लावून घ्या, मग डायोडचा एक पाय सोडवून खड्यावर जागा शोधा. नाहीतर स्टेशन हुकलंय की जागा, तेच कळत नाही. आणि इअरफोनला समांतर ४७ किलोओहमचा रेझिस्टर आहे ना?

तासिका_संपली:
तक्त्यावर जगदीशचंद्र बोस येऊ द्या. गॅलेना डिटेक्टरच्या (लहरी पकडणाऱ्या खड्याच्या) पेटंटसाठी त्यांनी १९०१ मध्ये अमेरिकेत अर्ज केला, ते १९०४ ला मिळालं. परीक्षकांना वाटतं सगळं मार्कोनीनंच केलं.
दुसरा खडा हवा असेल तर अत्तरवाल्याकडं सुरम्याचा अख्खा खडा मागा, बऱ्याचदा गॅलेनाच निघतो. सुयांसारखा तंतुमय दिसला तर तो स्टिबनाइट (अँटिमनीचं खनिज), घेऊ नका. आणि डोळ्यांत घालू नका, शिसं असतं त्यात. हाताळल्यावर हात धुवायला लावा पोरीला.

पंचगंगाकाठी:
रेडिओवाले काका, रेझिस्टर नव्हताच! लावला. खडा फोडला, आत आरशासारखी बाजू निघाली. गुजरीत एका पेढीवर तार मागितली तर 'कशाला?' म्हणून तिघं गोळा झाले. रात्री सव्वानऊला एका कोपऱ्यात जागा सापडली. डायोडपेक्षा बारीक, पण बाईचा आवाज स्पष्ट. लेकीच्या कानात इअरफोन, दोघांचा श्वास अडकलेला, तेवढ्यात आतनं कुकरची शिट्टी झाली आणि लेकीचा हात हलला. अजून शोधतोय.

उद्यमनगरचा रेडिओवाला:
टेबलाखाली जुनी चप्पल घाला, हादरा कमी बसतो.