मदत हवी आहे : बूटपॉलिशवाल्या मुलांचा लाल गणवेश आणि विमानवाहू जहाजावरील रंगीत जर्सी

सप्रेम नमस्कार. कामावरच्या कपड्यांच्या रंगावरून माणसाचे काम कसे ओळखले जाते, या विषयावर मी एक लेख लिहीत असून त्यातील दोन टोकांच्या उदाहरणांसाठी मला आपली मदत हवी आहे.

पहिले उदाहरण लंडनचे आहे. १८५१ साली तेथे जागतिक प्रदर्शन भरले, तेव्हा जॉन मॅकग्रेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गरीब मुलांच्या शाळांतील मुलांना हाती ब्रश, काळे पॉलिश आणि पाय टेकवण्याची पेटी देऊन रस्त्यावर उभे केले. लाल गणवेशामुळे ही मुले गर्दीतही चटकन ओळखू येत, आणि त्यांच्या कमाईतील काही हिस्सा बचत म्हणून ठेवला जाई.

दुसरे उदाहरण अमेरिकी नौदलाच्या विमानवाहू जहाजांचे. तेथे इंजिनांच्या आवाजात बोलणे अशक्य असल्याने विमानांना दिशा दाखवणारे पिवळी, इंधन भरणारे जांभळी, शस्त्रे हाताळणारे लाल, तर विमानाला वेग देणारे कॅटापल्ट आणि उतरत्या विमानाचा आकडा अडकवून घेणाऱ्या पोलादी तारा सांभाळणारे हिरवी जर्सी घालतात. (लाल रंग एकीकडे पॉलिशचा, दुसरीकडे बॉम्बचा, ही गंमत मला सोडवत नाही.)

आपल्यापैकी कोणी विमानवाहू जहाजाच्या डेकवर काम केले असेल, तर अशा तारांना नौसैनिक बोलताना काय म्हणतात, हे कृपया कळवावे. तसेच ‘कॅटापल्ट’साठी ‘गोफण’ हा शब्द वाचकांना पटेल का, की मूळ शब्दच ठेवावा?