घरी केलेला डिझायनर लॅम्प खरंच पर्यावरणपूरक असतो का? सल्ला हवा

दिवेलागण:
टेबलावर टांगायला कागदी लगद्याचा शेड करायचाय, 30 सेंमी व्यासाचा. जुन्या वस्तूंचा लॅम्प म्हणजे आपोआप इको-फ्रेंडली, हे कितपत खरं? गोंद कोणता वापरावा? आणि बल्ब की एलईडी स्ट्रिप?

तारजोड:
शेड कशाचा यापेक्षा दिवा किती वॅटचा हे आधी बघा. 9 वॅटचा एलईडी बल्ब रोज 5 तास लावला तर वर्षाला साधारण 16 युनिट जळतात. मीटरला 14.4 वॅटची स्ट्रिप 5 मीटर गुंडाळलीत तर 72 वॅट होतात, म्हणजे वर्षाला 131 युनिट! मग शेड रद्दीचा असला तरी काय उपयोग? शिवाय चिकटवलेली स्ट्रिप गेली की अख्खा लॅम्प कचऱ्यात. म्हणून ई27 (आट्यांचा, बल्ब फिरवून बसवायचा) होल्डर आणि सुटा बल्बच घ्या.

खळ:
गोंदाचं सांगते. अर्धी वाटी मैदा अडीच वाटी पाण्यात गुठळ्या मोडून कालवा आणि पारदर्शक होईपर्यंत शिजवा. साचा म्हणून फुगवलेल्या फुग्यावर या खळीने वर्तमानपत्राच्या पट्ट्यांचे चार थर द्या, पण एक थर कडकडीत वाळल्याशिवाय दुसरा नको. ओल आत कोंडली की बुरशी येते आणि शेडला वास मारतो. पांढरा गोंद टिकतो, पण तो प्लास्टिकच. त्याने माखलेल्या कागदाचा पुन्हा लगदा करणं अवघड जातं. इपॉक्सीचा (दोन द्रव मिसळून घट्ट होणाऱ्या राळेचा) चकाकता थर तर अजिबात नको, तो एकदा घट्ट झाला की वितळवताही येत नाही.

आतून खडूची पूड आणि पातळ खळ यांचा पांढरा हात द्या. छापील कागद उजेड शोषतो, मग जास्त वॅटचा बल्ब घ्यावासा वाटतो.

दिवेलागण:
बल्बच्या उष्णतेने कागद पेटणार नाही ना?

तारजोड:
फिलामेंट किंवा हॅलोजन बल्ब कधीच नको. एलईडीसुद्धा कागदापासून किमान 7 सेंमी लांब राहू द्या. वर होल्डरभोवती तीन-चार भोकं पाडा, नाहीतर गरम हवा कोंडते, बल्बच्या बुडातला कपॅसिटर सुकतो आणि 15,000 तासांचा बल्ब लवकर जातो.

होल्डरसाठी सुमारे 40 मिमीचं भोक लागेल, पण आधी होल्डरच्या आट्या मोजा. भोकाभोवती पुठ्ठ्याची चकती खळीने चिकटवा आणि शेड होल्डरच्या रिंगने आवळा, म्हणजे पुढे सगळं सुटं करता येईल. वायर 0.75 चौरस मिमीची, आणि वजन टर्मिनलच्या स्क्रूवर येऊ नये म्हणून कॉर्ड ग्रिप (वायर घट्ट धरून ठेवणारी पकड) हवीच. धातूचा सांगाडा असेल तर तीन तारांची वायर घेऊन अर्थिंग जोडा.

खळ:
आणि फुगा फोडल्यावर रबराचे तुकडे आत चिकटून राहतात. फुग्याला आधी तेलाचा हात लावा, सालीसारखे निघतात.