पुराच्या सॅकमध्ये काय असावे, आणि ती असावी तरी का?

मूळ मत (चिपळूण)
२२ जुलै २०२१ च्या पहाटे वाशिष्ठी नदीचे पाणी आमच्या पडवीत चढले, तेव्हा टॉर्च शोधण्यातच माझी दहा मिनिटे गेली आणि आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या सापडल्या त्या चिखलात. तेव्हापासून मृग लागण्यापूर्वी मी दाराजवळच्या खुंटीला भरलेली सॅक अडकवून ठेवते. तिच्यात टॉर्च व सुटे सेल, पॉवर बँक, शिट्टी, आठवड्याची औषधे, ओआरएस, पाणी शुद्ध करण्याच्या मेडिक्लोरची बाटली, तीन लिटर पाणी, चणे-गूळ आणि प्लास्टिकच्या पिशवीत घराचे सर्व कागद असतात. पूररेषेतील प्रत्येक घरात अशी सॅक हवीच.

प्रतिसाद (सांगली)
मला हे पटत नाही. २०१९ च्या महापुरात आमच्या गल्लीतील अनेकजण ‘तयारी आहे, पाणी दाराशी आले की निघू’ म्हणत थांबले आणि शेवटी त्यांना बोटीची वाट पाहावी लागली. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आहे आणि धोका पातळी ४५ फूट; या दोहोंच्या मधल्या वेळात घर सोडले, तर सॅकची गरजच उरत नाही. शिवाय छातीभर पाण्यातून चालताना पाठीवरचे ओझे माणसाला मागे खेचते. कागद डिजिलॉकरमध्ये ठेवता येतात.

मूळ मत मांडणारी
कृष्णा जो वेळ देते, तो वाशिष्ठी देत नाही. कोकणातील नद्या आखूड आणि उताराच्या आहेत. घाटात कोसळलेला पाऊस काही तासांत गावात पोहोचतो आणि त्याच वेळी खाडीला भरती असेल तर पाण्याला उतरायला वाट राहत नाही. डिजिलॉकरचे म्हणाल, तर नेटवर्कच नसताना तो उघडणार कसा? ओझ्याचा आपला मुद्दा मात्र खरा आहे.

प्रतिसाद (परिचारिका, कोल्हापूर)
निवारा केंद्रात मी पाहिले आहे की लोक पासबुके छातीशी धरून येतात आणि इन्सुलिन फ्रिजमध्येच राहते. वापरात असलेले इन्सुलिनचे पेन (टोचण्याचे साधन) साधारण चार आठवडे थंड जागी फ्रिजबाहेरही चालते, म्हणून ते सोबत घ्यावेच. डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रतही औषधांसोबत ठेवावी, कारण गोळीचा रंग सांगून औषध देता येत नाही.

मूळ मत मांडणारी
आज सॅक वजनकाट्यावर ठेवली. साडेसात किलो भरली. दोन लिटर पाणी आणि पासबुकांचा गठ्ठा काढून पासबुकांच्या पहिल्या पानांच्या प्रती ठेवल्या, आईची चिठ्ठीही घातली. आता ती पाच किलोंच्या आत आहे आणि आईलाही उचलता येते.