मेंदूच्या दुखापतीनंतर पुन्हा नोकरी: बडोद्यात कुणाला अनुभव आहे का?

नमस्कार मंडळी. प्रश्न माझ्या मिस्टरांचा आहे. गेल्या पावसाळ्यात बाइक घसरून डोक्याला मार लागला, आत रक्त साचलं, कवटी उघडून ऑपरेशन करावं लागलं. आता चालणं-बोलणं पूर्ववत. दांडिया बाजारात जो भेटतो तो म्हणतो, "अरे, तू तर ठणठणीत दिसतोस!" तिथेच सगळी पंचाईत आहे.

हे मकरपुरा जीआयडीसीत एका खाजगी कंपनीचे अकाउंट्स बघायचे. मार कपाळामागच्या भागाला, त्यामुळे कामांचा क्रम लावणं, चूक हेरणं, राग आवरणं जड जाणार हे डॉक्टरांनी सांगितलंच होतं. सराव म्हणून मी घरी टॅलीवर (हिशेबाचं सॉफ्टवेअर) जुनी बिलं टाकायला देते. पहिला तासभर उत्तम. मग मध्येच फोन वाजला की तेच बिल पुन्हा टाकतात, आणि बेरीज जुळत नाही हे लक्षातही येत नाही. थकले की गुजरातीत विचारलेल्याला मराठीत उत्तर देतात. शेजारच्या बेन हसून सोडून देतात, ऑफिसात कोण सोडणार?

मालक म्हणतात, पुढच्या महिन्यापासून पूर्णवेळ या, नाहीतर हिशेब करून नोकरी संपवू. माणूस वाईट नाही. जीएसटीचं रिटर्न २० तारखेच्या आत जायला हवं, हे त्यांचंही खरंच. आणि इकडे अर्धवेळ म्हटलं की हेच भडकतात.

कुणी दोन-तीन तासांपासून सुरुवात करून वेळ वाढवत नेली आहे का? मालकाला कसं पटवलंत? न्यूरोसायकॉलॉजिस्टचा (मेंदूच्या दुखापतीनंतर स्मरण, लक्ष वगैरे तपासणाऱ्या मानसतज्ज्ञाचा) रिपोर्ट उपयोगी पडतो का? दिव्यांग कायदा २०१६ चं कलम २० वाचलं, पण नोकरीत असताना अपंगत्व आलं तर काढायचं नाही, हे बंधन सरकारी आस्थापनांवर आहे. खाजगीत काय धरून बोलायचं?

("विश्रांती घ्या, देवावर सोपवा" हे सासरहून भरपूर मिळालंय.)

प्रतिसाद: ताई, आम्ही इंदूरचे, माझ्या भावाचं असंच झालं होतं. चाचणी जरूर करा, पण मालकाला आख्खा रिपोर्ट देऊ नका. काय जमतं, कशात मदत लागेल, एवढं एका पानावर लिहून घ्या. भावाला पेमेंटऐवजी आधी बँकेची जुळवणी (बँकेच्या नोंदी आपल्या हिशेबाशी ताडून बघणं) दिली, सकाळची वेळ, फोनपासून लांबचं टेबल. बिल टाकलं की त्यावर लगेच लाल टिक, टिक नसेल तर टाकलेलं नाही. कलम २१ प्रमाणे समान संधी धोरण खाजगी आस्थापनेलाही करावं लागतं, त्याचा विषय काढा, पण धमकीच्या सुरात नको. वकिलाला दाखवल्याशिवाय नोकरी सोडतानाच्या हिशेबाच्या कागदावर सही नको. फिटची गोळी चालू असेल तर बाइकचंही डॉक्टरांना विचारा.

धागाकर्ती: लाल टिकेचं आजच करून बघते. अर्धवेळ म्हटल्यावर भाऊ चिडायचा का हो?

प्रतिसाद: माझ्यावर चिडायचा. डॉक्टरांनी तेच सांगितलं तेव्हा निमूट ऐकलं. ते काम त्यांच्याकडेच द्या.