बिली वाइल्डर दिग्दर्शनाकडे का वळला?

हॉलिवूडचा पटकथालेखक बिली वाइल्डर पैशासाठी दिग्दर्शक झाला, असं कुणी म्हटलं तर मला ते पटत नाही. आपलं लिखाण वाचवायला झाला. 'होल्ड बॅक द डॉन'मध्ये (१९४१) सीमेवर अडकलेला नायक झुरळाशी बोलतो, असा सुरेख प्रसंग वाइल्डरने आणि त्याचा सहलेखक चार्ल्स ब्रॅकेटने लिहिला होता. नायकाचं काम करणाऱ्या शार्ल बॉयेने झुरळाशी बोलायला नकार दिला आणि दिग्दर्शक मिचेल लायसनने प्रसंग गाळला. सेटवर लेखकाचं कोण ऐकणार? पॅरामाउंट स्टुडिओत लेखकाने दिग्दर्शक होण्याची वाट आधीच पडली होती: पटकथालेखक प्रेस्टन स्टर्जेसने 'द ग्रेट मॅकगिंटी'ची (१९४०) पटकथा अवघ्या १० डॉलरला देऊन दिग्दर्शन मिळवलं होतं. वाइल्डरनेही दिग्दर्शक म्हणून हॉलिवूडमधला पहिला चित्रपट, 'द मेजर अँड द मायनर' (१९४२), मुद्दाम हमखास चालेल असा हलकाफुलका निवडला. लिहायला जोडीदार मात्र लागायचाच: १९५० पर्यंत बहुतेक वेळा ब्रॅकेट, पुढे आय. ए. एल. डायमंड.