कमळाच्या बियांना कोंब आले, मुळे मात्र नाहीत : मातीत कधी लावावे?

प्रश्न (पुणे)

आमच्या गच्चीवर सकाळपासून दुपारी तीनपर्यंत चांगले ऊन असते. पूजा साहित्याच्या दुकानातून न छेदलेले कमळगट्टे आणले, खळगी असलेल्या टोकाकडून ते कानशीने घासले आणि काचेच्या बरणीत पाण्यात ठेवले. दोन दिवसांत ते फुगून जवळपास दुप्पट झाले आणि आठवड्याच्या आत हिरवे कोंब बाहेर आले. आता देठ वीतभर लांबले असून सुरळीसारखी गुंडाळलेली पहिली पाने उलगडू लागली आहेत. परंतु मुळांचा मागमूस नाही. पाणी रोज बदलले नाही तर ते गढूळ होते आणि त्याला वास येतो. रोपे आत्ताच मातीत लावावीत की मुळांची वाट पाहावी? माती आणि खत कोणते घ्यावे? शिवाय ऑनलाइन मागवलेल्या ‘निळे कमळ’ असे छापलेल्या पाकिटात मोहरीसारख्या बारीक बिया निघाल्या आहेत. त्याही अशाच घासायच्या का?

प्रतिसाद १

मुळे नाहीत म्हणून काळजी करू नये. कमळाच्या बीमध्ये इवलीशी हिरवी पाने आधीपासूनच घडी घालून बसलेली असतात (कमळगट्टा फोडून खाताना जो कडू हिरवा भाग काढून टाकतात, तो हाच), त्यामुळे पाणी आत शिरताच तीच प्रथम लांबतात आणि मुळे मागाहून, पहिल्या पानांच्या देठांच्या सांध्यापाशी फुटतात. तोवर सगळे पोषण बीच्या दोन पांढऱ्या दळांतून मिळत असते. म्हणून दळे रोपापासून तोडू नयेत. वरचे काळे टरफल आपोआप सुटले तर ठीक, ओढून काढू नये.

दोन-तीन पाने तरंगू लागली आणि सांध्यापाशी पांढरी मुळे दिसली की रोप लावण्याजोगे झाले असे समजावे. तोपर्यंत पाणी रोज बदलावे, ते कोमट म्हणजे २५ ते ३० अंशांच्या आसपास असावे, आणि बरणीपेक्षा पसरट भांडे घ्यावे. पाण्याला वास येण्याचे कारण बहुधा एखादे न रुजलेले बी असते. जे बी मऊ पडले आहे आणि ज्याच्याभोवती दुधट पाणी सुटते आहे, ते काढून टाकावे.

दुकानातील माल किती जुना आहे याची चिंता मात्र नको. टणक टरफलातून पाणी आत जात नाही, म्हणून बी वर्षानुवर्षे जिवंत राहते. चीनमधील एका कोरड्या पडलेल्या तळ्याच्या गाळातील सुमारे १३०० वर्षांपूर्वीचे बी रुजल्याची नोंद आहे, आणि तिथे वय टरफलाच्या कार्बन चाचणीवरून ठरवलेले आहे. जपानमध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ इचिरो ओगा यांना १९५१ साली चिबा येथे उत्खननात मिळालेल्या बीपासून १९५२ मध्ये फूल आले. त्या बीचे वय दोन हजार वर्षे सांगितले जाते.

प्रतिसाद २

‘निळे कमळ’ या पाकिटाविषयी स्पष्टच लिहितो. कमळाची फुले पांढरी, गुलाबी किंवा या छटांच्या मिश्रणाची असतात. पिवळे कमळ मूळचे अमेरिकेतले. निळे कमळ अस्तित्वातच नाही. त्या नावाने ओळखले जाणारे फूल वॉटर लिलीचे, म्हणजे कुमुदाच्या कुळातले असते. कमळाचे बी शेंगदाण्याएवढे आणि दगडासारखे कठीण असते. कुमुदाचे बी फारच बारीक असते आणि त्याला घासावे लागत नाही. पाकिटातील बिया कुमुदाच्या तरी आहेत का, हेही रुजल्यावरच कळेल. (मखाना कमळाच्या बीपासून होतो, हाही असाच एक सार्वत्रिक गैरसमज आहे. मखान्याची वनस्पती वेगळी.)

प्रतिसाद ३ (रत्नागिरी)

मातीबद्दल : कुंड्यांसाठी मिळणारे कोकोपीट किंवा पालापाचोळ्याचे मिश्रण अजिबात वापरू नये, कारण ते पाण्यावर तरंगते आणि कुजते. आमच्याकडे भातखाचरातील चिकण माती वापरतात; आपल्याकडे काळी माती किंवा नदीकाठचा गाळ चालेल. छिद्र नसलेला, तोंडाशी दीड-दोन फूट रुंद, शक्यतो गोल टप घ्यावा. चौकोनी टपात कंदाचे वाढते टोक कोपऱ्यात अडकून खराब होते. तळाशी पाच-सहा इंच मातीचा थर द्यावा, रोपाची मुळे बोटाने अलगद मातीत दाबावीत, पाने मोकळी ठेवावीत आणि सुरुवातीला मातीवर दोन-तीन इंचच पाणी भरावे.

खत आत्ता नको. पाण्यावर तरंगणारी पाने म्हणजे रोपाचे बालपण. पाण्याबाहेर उभी राहणारी पाने येऊ लागली की थोडे खत मातीत खोल दाबून द्यावे. ताजे शेण घातल्यास ते पाण्यात आंबते आणि कोवळी मुळे जळतात. पिवळी पाने कापताना देठ पाण्याच्या पातळीच्या वरच कापावा, कारण कमळ पोकळ देठांतून खाली कंदापर्यंत हवा पोहोचवते आणि पाण्याखाली कापलेल्या देठातून आत पाणी शिरून कंद सडू शकतो.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

सविस्तर उत्तरांबद्दल आभार. दोन शंका उरल्या. डासांचे काय करावे? सोसायटीत डेंग्यूच्या भीतीने साचलेल्या पाण्यावर सर्वांचीच नजर असते. आणि याच वर्षी फूल येईल का?

प्रतिसाद १

टपात चार-पाच गप्पी मासे सोडावेत. ते अळ्या खातात. ते पुढे नदीत किंवा तळ्यात मात्र सोडू नयेत. मासे असलेल्या टपात कीटकनाशक फवारता येत नाही, त्यामुळे पानांवर मावा आला तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन काढावा. ओल्या मातीसह टपाचे वजन सहज शंभर किलोच्या घरात जाते, तेव्हा तो गच्चीच्या मध्यभागी न ठेवता भिंतीलगत किंवा तुळईच्या रेषेत ठेवावा.

फुलाबाबत सांगायचे तर बीपासून वाढवलेले कमळ बहुधा दुसऱ्या वर्षी, कधी त्याहून उशिरा फुलते. आणि बी ज्या फुलाचे, तोच रंग व तीच पाकळ्यांची ठेवण मिळेल याची हमी नसते. ठरावीक जातीचेच फूल हवे असेल तर रोपवाटिकेतून कंद आणावा. थंडीत पाने वाळली म्हणजे झाड मेले असे समजून टप रिकामा करू नये. माती ओली ठेवली तर उन्हाळा लागताच नवी पाने येतात.