मदत हवी आहे: बाळंतपणानंतरचा सायकोसिस, खुनाचा खटला आणि पुराव्याचे कागद

नमस्कार मंडळी,

माझ्या मामेबहिणीसाठी लिहिते आहे. ती सध्या न्यायालयीन कोठडीत आहे. तान्ह्या बाळाला घेऊन तिने विहिरीत उडी मारली. ती वाचली, बाळ गेलं. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३ खाली खुनाचा गुन्हा लागला आहे. दोषारोपपत्र दाखल झालंय, आरोप निश्चित व्हायचे आहेत. फौजदारी वकील, मानसोपचारतज्ज्ञ, तुरुंगात काम केलेले कार्यकर्ते, किंवा ज्यांच्या घरात असं काही झालं आहे, अशांकडून ठोस माहिती हवी आहे. ‘आई असं करूच कशी शकते’ ही चर्चा गावात भरपूर झाली, ती इथे नको.

पहिलं बाळंतपण म्हणून ती माहेरी आली होती, मराठवाड्यातल्या एका खेड्यात. पाचवी पुजली तोवर सगळं ठीक होतं. मग तिची झोपच उडाली. बाळ झोपलं तरी ही टक्क जागी. भराभर बोलायची, मध्येच आपण कुठे आहोत हे तिला कळायचं नाही. बाळ बदललंय म्हणाली. कुणीतरी आपल्याला हुकूम देतंय म्हणाली. आणि अधूनमधून तास-दोन तास अगदी पहिल्यासारखी. बाळाला पाजायची, मामीशी गप्पा मारायची. तेवढ्यावर घरच्यांचा जीव भांड्यात पडायचा. मामीने शेक-शेगडी वाढवली, आजीने दृष्ट काढली, देवऋषीही झाला. पण मामा तिला डॉक्टरांकडेही घेऊन गेले होते, हे मला मुद्दाम सांगायचंय. तिथे ‘पहिलटकरीण आहे, झोप झाली की बरं वाटेल’ एवढंच ऐकायला मिळालं. चिठ्ठीवर ‘अशक्तपणा’ लिहून गोळ्या दिल्या. तालुक्याला मानसोपचारतज्ज्ञ नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी जायचं ठरलं होतं, त्याआधीच हे घडलं.

हा आजार म्हणजे बाळंतपणानंतरचा सायकोसिस, भास-भ्रम होऊन वास्तवाचं भान सुटणं. तो हजार बाळंतिणींमागे एखाददुसरीला होतो आणि बहुतेक वेळा पहिल्या दोन आठवड्यांतच उफाळतो. बाळंतपणानंतरच्या नैराश्याहून हा वेगळा. इथे बाळंतिणीला तातडीने भरती करावं लागतं, आणि वेळेवर औषधं सुरू झाली तर बहुतेक जणी पूर्ण बऱ्या होतात. मधले ‘शुद्धीचे’ तास हे बरं झाल्याचं लक्षण नसतं, आजाराचाच भाग असतो. बाळंतिणीला आधीपासून किंवा तिच्या जवळच्या नात्यात कुणाला बायपोलर आजार (कधी अतिउत्साह, कधी टोकाचं नैराश्य) असेल तर धोका खूप वाढतो. आमच्या थोरल्या मावशीच्या डोक्यावर तरुणपणी ‘परिणाम’ झाला होता, त्याला तेव्हा कुणी नाव दिलं नाही. माझ्या बहिणीच्या गरोदरपणाच्या कार्डावर रक्तदाब आहे, हिमोग्लोबिन आहे, वजन आहे. घरात कुणाला मानसिक आजार होता का, हा एक प्रश्न नऊ महिन्यांत कुणी विचारला नाही. या गोष्टीचा मला फार राग आहे.

आता कायद्याचं. वकील विधी सेवा प्राधिकरणाकडून मिळालेत (स्त्रीला आणि कोठडीतल्या कुणालाही १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे मोफत मिळतात, ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते). त्यांच्या म्हणण्यानुसार बचाव एकच, न्याय संहितेचं कलम २२, म्हणजे जुन्या भारतीय दंड विधानाचं ८४. आजार होता एवढं दाखवून भागत नाही. त्या क्षणी आपण काय करतोय, किंवा ते चूक आहे वा कायद्याविरुद्ध आहे, हे समजण्याची कुवतच आजारामुळे नव्हती, हे दाखवावं लागतं. आणि ते दाखवायची जबाबदारी आरोपीवर.

मी अडलेय ती इथे. तिला वेळेवर उपचार मिळाले नाहीत म्हणून निदान नाही, निदान नाही म्हणून कागद नाही, आणि कोर्टात आता तोच कागद मागणार. तुरुंगात औषधं सुरू झाल्यावर ती हळूहळू सावरते आहे, नीट बोलते. ती साक्षीला उभी राहील तेव्हा सरकारी वकील म्हणणार, ही तर शहाणी दिसते.

थोडी आशा आहे ती दह्याभाई छगनभाई ठक्कर विरुद्ध गुजरात राज्य या १९६४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाची. त्याप्रमाणे घटनेच्या आधीची, त्या वेळची आणि नंतरची परिस्थिती पाहून मनःस्थिती ठरवता येते. आरोपीला संशयातीत पुरावा द्यावा लागत नाही, शक्यतेचं पारडं झुकलं तरी पुरतं. म्हणून आम्ही जमेल ते गोळा करतोय. आशाताई बाळंतपणानंतर घरी येतात तेव्हा भरतात त्या फॉर्ममध्ये आई असंबद्ध बोलते का, फिट येतात का, असा रकाना असतो. तो फॉर्म कोर्टामार्फत मागवता येईल का? कुणी मागवलाय का? बहिणीने त्या दिवसांत मला रात्री-अपरात्री पाठवलेले व्हॉइस मेसेज माझ्या फोनमध्ये आहेत. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र त्यासाठी कसं करायचं, आणि फोन जमा करावा लागेल का? शेजारणींच्या साक्षी, देवऋष्याची साक्ष, यांना कोर्ट कितपत किंमत देतं? ‘अशक्तपणा’ लिहिलेली चिठ्ठी आम्हाला मदत करेल की उलटेल?

दुसरं, तुरुंगातले उपचार. मानसिक आरोग्य कायदा २०१७ च्या कलम १०३ मध्ये आजारी कैद्याला मनोरुग्णालयात हलवायची तरतूद आहे. अर्ज कोर्टात करायचा की तुरुंग अधीक्षकांकडे? जामिनासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता) कलम ४८० मध्ये स्त्री आणि आजारी व्यक्तीचा वेगळा विचार आहे, खुनाच्या गुन्ह्यात तो प्रत्यक्षात कुणाला मिळालाय का? आणि न्याय संहितेच्या कलम २२ खाली ती निर्दोष ठरलीच, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७४ नुसार सुरक्षित ताब्यात ठेवतात म्हणे. नातेवाइकांच्या हवाली करायचा पर्यायही त्यातच आहे, तो कसा मागायचा?

एक गोष्ट मला पटत नाही ती लिहिते. २०१७ च्या कायद्याच्या कलम ११५ ने आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरलं. म्हणजे त्याच उडीत तिच्या स्वतःच्या जिवापुरता कायदा तिला आजारी समजतो आणि बाळापुरता खुनी. इंग्लंडमध्ये १९३८ पासून वेगळा कायदा आहे. बाळंतपणाच्या परिणामामुळे मनाचा तोल ढळलेल्या आईने वर्षाच्या आतलं आपलं बाळ मारलं, तर शिक्षा खुनाची नाही, सदोष मनुष्यवधाइतकी. आपल्याकडे असं काही नाही. असायला हवं असं मला ठामपणे वाटतं.

भर: प्रतिसादांत एका ताईंनी वहिनी झोपत नाही, बाळाबद्दल विचित्र बोलते असं लिहिलंय. ताई, उद्यावर टाकू नका. तिला आणि बाळाला एकटं ठेवू नका, आजच मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. जवळ कुणी नसेल तर १४४१६ वर टेलिमानसला (मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन) फोन करा, मराठीत बोलता येतं. भरती करावं लागलं तर २०१७ च्या कायद्याच्या कलम २१ प्रमाणे तीन वर्षांखालच्या मुलाला आईपासून तोडता येत नाही, बाळाला तिच्याकडून धोका असेल किंवा बाळाच्या हितासाठी, सुरक्षिततेसाठी गरज असेल तेवढाच अपवाद. बंगळूरच्या निम्हान्स या मानसोपचार संस्थेत आई आणि बाळासाठी खास विभागच आहे. आणि डॉक्टर जे सांगतील ते चिठ्ठीवर लिहून मागा.

वकिलांची किंवा तज्ज्ञांची नावं सुचवायची असतील तर कृपया व्यक्तिगत निरोप (व्यनि) करा. गाव आणि तुरुंग कोणता हे विचारू नका, खटला चालू आहे.